सापडना

१२ एप्रिल. परवा जयंती, घर पाहुण्यांनी भरणार, आणि मी धुळ्यातल्या आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालत बसले आहे. रजा काढली ती त्यासाठीच. ज्वारीचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची घालायची, आणि गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने गोल थापायचा; वाळला की तळून खायचा पापड तयार. काम सोपं आहे, फक्त हात भाजतात. आई सावलीत खुर्ची टाकून देखरेख करते आहे. तिचं वय आता हात भाजून घ्यायचं नाही, पण जीभ शाबूत आहे. "पातळ थाप. नकाशे कशाला काढतीस?" असं मघाशी म्हणाली. मग म्हणाली, "राखायला कुणीच न्हाई आज." शेजारी ना बकरी आहे ना कोंबडी, तिसऱ्या मजल्यावर राखायचं कशापासून? पण तिला काय आठवलं ते मला कळलं. हात रिकामे झाल्यावर हे लिहायला बसले. बिबडे वाळेपर्यंत वेळ आहे.

तेव्हा आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, वर पत्रे. उन्हाळ्यात पत्रे दुपारभर टकटक वाजत आणि थंडीत तळ्याकडून वारा यायचा. त्या दिवसांत बोरं इतकी की आई म्हणायची, घरात पायाखाली बिया आणि मोरीत बिया. आबा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त कंडक्टर होते. जळगावहून धुळे आणि परत, बहुतेक हीच ड्यूटी. खाकी कपडे, चामड्याची बॅग, तिकिटांची पेटी आणि बोटावर शाईचा कायमचा डाग. घरीसुद्धा ते कंडक्टरच होते. आंघोळीला कोण आधी, ताटावर कोण नंतर, हे सगळं "चला पुढे सरका" या तालावर चालायचं. मी आणि मिलिंद, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओट्यावर भांडत असलो तर आतून टाळी वाजायची. एक टाळी म्हणजे थांबा, दोन टाळ्या म्हणजे निघा. गाडीत एक घंटा दिली की ड्रायव्हर थांबतो आणि दोन दिल्या की निघतो, तसंच.

आमच्या घरात बोली दोन होत्या. आबा सोनगीरचे, त्यांचं बोलणं पक्कं खानदेशी. आई नगरकडची, तिचं बोलणं वेगळं. मिलिंद आणि मी दोन्ही बोलायचो, समोर कोण आहे ते बघून. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात झालेली गोष्ट आई अजून सांगते. बाहेर पाहुणा बसला होता आणि आत ती चहाला आधण ठेवत होती. आबा दारात येऊन हळूच म्हणाले, "पाव्हना उठना." आईने ऐकलं, पाहुणा उठना, म्हणजे काही केल्या उठत नाही. ती म्हणाली, "उठना तर उठना, बसू द्या निवांत," आणि शेगडी बारीक करून आलं किसायला बसली. आबांच्या बोलीत 'उठना' म्हणजे उठला. पाहुणा चहाशिवाय बसस्टँडवर पोचला आणि तिथून सोनगीरला जाऊन त्याने सुनेची कीर्ती गावभर केली. एकच शब्द, आबांच्या तोंडी झालेलं काम आणि आईच्या तोंडी न होणारं. आम्ही यावरून पोट धरून हसायचो. पुढे हाच प्रकार माझ्यावर उलटेल असं वाटलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यात मिलिंद मेला. ताप आला, वाढला, दवाखान्यात नेलं, तिथून त्याला आणलं ते पांढऱ्या चादरीत. मी चौथीत होते आणि मी त्याला नीट पाहिलं होतं, त्यामुळे तो मेला हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तसं कुणी म्हणेना. सगळे म्हणत, "मिलिंद गया." आता आमच्या घरात 'गया' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरला जायचा आणि दर वेळी त्याला ठिकाण असायचं. सातची गाडी गेली म्हणजे धुळ्याला गेली. ड्रायव्हर गेला म्हणजे चहाला गेला. मग मिलिंद कुठे गेला? मी शेजारच्या अक्काला विचारलं. अक्का एकटीच राहायची, तिच्याकडे एक बकरी होती आणि जगातल्या बहुतेक गोष्टींवर मत होतं. तिने वर बोट केलं. मी विचारलं, "वर कोनाकडे?" अक्काने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाय, बकरी सोडी ये." शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्यांनी मला जवळ घेतलं आणि तासभर फळा पुसायचं काम दिलं. आईला विचारायची सोय नव्हती. आबांना तर नाहीच. आबा आम्हाला एकाच हाकेत बोलवायचे, मिलिंदसुजू, जसं काही ते एकाच पोराचं नाव. नंतर ते हाक मारायच्या आधी जरा थांबायचे आणि मग नुसतं "सुजू" म्हणायचे. ते थांबणं मला हाकेपेक्षा मोठं ऐकू यायचं. मिलिंदचं नाव घरातून असं निघून गेलं की त्याचं दप्तर खुंटीवर होतं, त्याची काठी दाराआड होती, पण ती कुणाची असं म्हणायला शब्द नव्हता.

पुढच्या होळीच्या सुमारास आबा एक पुस्तक घेऊन आले. त्यांना वाचनाचा नाद होता. शेवटच्या स्टॉपवर गाडी उभी असताना ते पाय लांब करून कादंबऱ्या वाचायचे. या वेळी वाचनालयातल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की हे पुस्तक मुलांनाही वाचून दाखवता येईल, एक मुलगी आपल्या भावाविषयी सांगते अशी गोष्ट आहे. काळ्या कापडाची बांधणी, कोपरे झिजलेले, वास जुन्या तांदळाचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती आणि उगाच कुणी शोधत बसायला नको. दिवेलागणीला बुद्धवंदना झाली की आबा ओट्यावर कंदिलाखाली बसत. विजेचा दिवा होता, पण त्याचा भरवसा नव्हता. मी समोर, अक्का आपला पाट घेऊन भिंतीला टेकून. आई बाहेर येत नसे. ती आत भांडी घासायची, पण त्या अर्ध्या तासात तिची भांडी अजिबात वाजत नसत.

गोष्ट अशी होती. एका मुलीचा भाऊ एक दिवस घरातून निघून जातो. का, ते कुणाला माहीत नाही. ती त्याला शोधायला निघते आणि दर ठिकाणी तिला कळतं की तो नुकताच इथून पुढे गेला. एरंडोलला तो एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता. पारोळ्याला हॉटेलात कपबशा विसळत होता. अमळनेरला तेलाच्या गिरणीबाहेर त्याला कुणीतरी पाहिलं, अंगाला पेंडीचा वास येत होता म्हणे. आबा वाचत खानदेशीत. "मंग तो पोऱ्या गाडीमा बठना, कंडक्टरनी इचारं, कोठे जावानं शे? पोऱ्यानी तिकीट काढं." आबांच्या गोष्टीत तिकीट न काढता कुणीही प्रवास केला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. छापलेल्या पुस्तकातली माणसं आमच्याच स्टॉपवर कशी चढतात-उतरतात, याचंही मला नवल वाटलं नाही. मला वाटायचं, सगळी पुस्तकं जळगाव-धुळे रस्त्यावरचीच असणार, दुसरीकडे कशाला कोण लिहील? आबा वेळेवर पान उलटायचे, नजर ओळींवरून फिरवायचे. अक्का मध्येच विचारायची, "त्याले जेवाले कोनी दिधं का नही?" आबा म्हणायचे, "पुढे शे, पुढे." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या हॉटेलवाल्याने त्या मुलाला गरम भजी दिली. अक्का खूश. म्हणायची, "लिखनारा मानूस चांगला शे."

मी मात्र खाण्यापिण्यात लक्ष देत नव्हते. मी मनात एक करार केला होता. कुणाशी ते विचारू नका, करार करायला समोर कुणी लागतंच असं नाही. त्या मुलीला तिचा भाऊ सापडला तर तो एवढे दिवस कुठे होता हे पुस्तकात लिहिलेलं असणार. मोठ्या माणसांना सांगता येत नाही ते पुस्तकात असतं, असं शाळेतही सांगितलं होतं. मग तेवढं ठिकाण कळलं की मला मिलिंदचा पत्ता लागेल. तो परत येणार नाही हे मी धरूनच चालले होते. मला फक्त ठिकाण हवं होतं.

एका शनिवारी गोष्ट सोनगीरला आली. तो मुलगा धुळ्याहून गाडीत बसला होता, ती मागच्या गाडीत होती, आणि सोनगीर येणार होतं. आबा थांबले. पुस्तक मिटून त्यात नेहमीसारखा तिकिटाचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "बाकीनं सकाय सांगसू," सकाय म्हणजे उद्या. मी म्हटलं, "तो सापडी ना?" सापडेल ना, असं. आबा म्हणाले, "सकाय," आणि उठून हात धुवायला गेले. हात धुवायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. एका कंडक्टरची रजा पडली म्हणून आबांना पहाटेच बोलावणं आलं आणि घाईत पुस्तक फळीवर राहिलं. एरवी ते बॅगेतून त्यांच्याबरोबर जायचं. आईने त्या दिवशी बिबडे काढले होते. मिलिंद मेल्यावर घरात पापड, कुरडई काहीच झालं नव्हतं, पण ज्वारी भिजवून अक्कानेच आणून दिली होती, त्यामुळे इलाज नव्हता. मागच्या अंगणात बाजेवर धोतर पसरलेलं, चुलीवर पातेलं, आणि आई भराभरा थापत होती. मला म्हणाली, फडकं आण. मी आत गेले, फडकं फळीच्या खाली होतं आणि फळीवर पुस्तक होतं.

मी काढलं. तिकिटाच्या तुकड्यापाशी उघडलं आणि मला काही ओळखूच येईना. सोनगीर नव्हतं. गाडी नव्हती. एक नावाडी होता, एक नदी होती, आणि सगळं शाळेच्या पुस्तकासारखं 'आहे, होता, म्हणाला' असं लिहिलेलं. एकही 'शे' नाही, एकही 'बठना' नाही. मला वाटलं आबांनी चुकून दुसरं पुस्तक आणलं. दोन पानं उलटली. आणि तिथे, पानाच्या अगदी तळाशी, नावाड्याच्या बोलण्यात, तो एक शब्द आमच्या घरचा होता. 'समदी नदी धुंडाळली, अन् पोरगं सापडना.'

फडकं विसरून मी अंगणात उडी मारली. "आई! सापडना!"

आई मान वर न करता म्हणाली, "काय सापडना? फडकं? फळीखाली बघ नीट."

"फडकं नाही! पोऱ्या सापडना!"

"कुणाचं पोरगं? का अक्काचं करडू सुटलंय परत?"

"पुस्तकातला! आबांच्या पुस्तकातला! नदीत सापडना तो!"

"मग नाचतीस काय? सापडना तर शोधतील की."

"अगं, सापडना!" मी ओरडले. "शोधतील काय? सापडनाच!"

आता मात्र आईने मान वर केली. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत घाटा होता. म्हणाली, "इकडं आण. डोळ्यांपुढं धर." मी पुस्तक तिच्यासमोर धरलं. तिने ती ओळ वाचली. मग तिच्या वरच्या ओळी वाचल्या. "सुजू," ती हळू म्हणाली, "हा नावाडी आमच्याकडचा हाय. तुझ्या आबांच्याकडचा न्हाई. सापडना म्हणजे सापडत न्हाई." मी म्हटलं, खोटं. ती म्हणाली, "पाव्हना उठना." एवढंच म्हणाली. मी एरवी या गोष्टीला हसत असे. तेव्हा मला वाटलं की एवढ्या मोठ्या माणसांनी बसून एका शब्दाचा अर्थ सुद्धा ठरवला नाही, आणि हे आपल्याला शुद्धलेखन शिकवतात.

"पहिलं पान काढ," आई म्हणाली. "आणि मोठ्यांदा वाच. माझे हात भरलेत."

मी वाचलं. पहिली ओळ मला अजून पाठ आहे: 'माझा भाऊ पुरात वाहून मेला, आणि मला त्याच्याबद्दल काही विचारायचं आहे.' पुढे ती मुलगी कुणाकुणाला विचारायला जाते ते होतं. आजीला, मास्तरांना, देवळातल्या गुरवाला, नावाड्याला. कुठे गेला म्हणून. एरंडोल नव्हतं, पंक्चरचं दुकान नव्हतं, गरम भजी नव्हती. मी पुस्तक मिटलं. आई बराच वेळ हात तसेच धरून उभी राहिली, घाटा वाळून पांढरा पडला तरी. मग म्हणाली, "होळीपासून हे माणूस आपल्या मनचं वाचतंय," आणि उरलेले बिबडे थापून टाकले. ते जाड झाले. आईचे बिबडे तेव्हाच एकदा जाड झाले.

मी आता नर्स आहे. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी दवाखान्यात गेली. नातेवाइकांना बाहेर येऊन सांगायचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे येतं. मी 'गेले' म्हणत नाही. 'मरण पावले' म्हणते, आणि सोबत लहान मूल असेल तर खाली बसून त्यालाही तसंच सांगते. नव्या मुली मला म्हणतात, सिस्टर, तुम्ही फार स्पष्ट बोलता. असेल.

त्या संध्याकाळी आबा आले. पाय धुतले, जेवले. कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, त्यांना आवडायचं तसं भरपूर हिरवी मिरची ठेचलेलं. अक्का वेळेवर पाट घेऊन हजर. "चाल रे भाऊ, सोनगीर उनं का नही? माले दिवसभर चैन नही." आबांनी पुस्तक फळीवरून घेतलं, तिकिटापाशी उघडलं, कंदील जवळ ओढला आणि सुरू केलं, "मंग गाडी सोनगीरना फाटावर उनी..."

मी म्हटलं, "आबा, बोट ठेवून वाचा."

शाळेत आम्हाला तसंच वाचायला लावत. ज्या शब्दावर बोट, तोच शब्द तोंडात. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग सवयीने बोट खरंच पानावर ठेवलं, शाईचा डाग असलेलं. ते बोट एका ओळीवर राहिलं आणि तोंडातून काही येईना. आतली भांडी थांबली नव्हती, कारण त्या दिवशी ती सुरूच झाली नव्हती. आई उंबऱ्यात येऊन उभी होती.

"पहिल्याच पानावर मेलाय की तो," आई म्हणाली.

"कोन मरी गया?" अक्का ताठ बसली.

"पोरगा. पुस्तकातला."

"आरे! परवा ते पारोळाले भजा खाई ऱ्हायंता!"

मला हसू आलं. आलं ते आलं. आबांनाही आलं असावं, कारण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग ते पुस्तकाकडे बघतच बोलले. पुस्तक आणलं त्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर त्यांनी उघडलं होतं आणि पहिल्याच ओळीत तो मुलगा मेलेला. परत द्यायचं होतं. पण मला सकाळीच सांगून बसले होते की भावा-बहिणीची गोष्ट आणतो. "मी म्हनं, आजनी रात तेवढी याले घरमाईन निंघू देऊत. मरानं सकाय दखू. मंग दुसरा दिन बी तसंच व्हयनं." रोज गाडीत तिकिटं फाडताना ते आज तो मुलगा कुठल्या स्टॉपवर असेल याचा विचार करायचे. एखादा पोरगा चढला तर तो काय बोलतो, काय खातो ते ऐकून ठेवायचे. अक्काने जेवणाचं विचारलं त्या दिवशी त्यांना स्वतःलाच लाज वाटली होती, म्हणाले, की आपण त्याला एवढा फिरवतो आणि खायला दिलं नाही.

"मंग तो कोठे सापडना?" मी विचारलं. मला अजूनही तेच हवं होतं. "सोनगीरले काय व्हई?"

"माले बी नही माहीत, सुजू," आबा म्हणाले. "काल तेवढाकरताच थांबनू."

मग आई उंबऱ्यावर खाली बसली. "होळीपासून तुम्ही माझ्या मिलिंदला एस.टी.तनं फिरवताय," ती म्हणाली. घरात ते नाव इतक्या दिवसांनी आलं आणि काहीच पडलं-फुटलं नाही. कंदील तसाच जळत होता. "मी आत बसून ऐकत होते. मला बी बरं वाटत होतं, कशाला खोटं बोलू? पण आता लेकरू दमलं असंल. उतरवा त्याला."

आबांनी पुस्तक मिटलं. या वेळी तिकिटाचा तुकडा ठेवला नाही. विचारलं, "कोठे उतारू?"

आईने माझ्याकडे बघितलं. जणू मला माहीत असणार. आणि मला होतंच. "सोनगीरलाच," मी म्हटलं. "त्याला किल्ला बघायचा होता." आबांनी मिलिंदला दर उन्हाळ्यात सांगितलं होतं की गावी नेतो, किल्ल्यावर चढवतो, आणि दर उन्हाळ्यात लग्नसराईच्या जादा गाड्या निघायच्या आणि ड्यूटी लागायची.

मग आबांनी पुस्तकाशिवाय शेवट सांगितला. फार लांबवला नाही. गाडी सोनगीरला थांबली. सकाळची वेळ होती, ऊन अजून चढलं नव्हतं. कंडक्टरने एक घंटा दिली. मुलाजवळ सामान काही नव्हतं. त्याने तिकीट खिशात ठेवलं, कारण ते टाकायचं नसतं. दारात उभं राहून त्याने किल्ल्याकडे बघितलं.

"आनी मंग," आबा म्हणाले, "मिलिंद उतरना."

मी आईकडे बघितलं. तिच्या बोलीत त्याचा अर्थ उतरत नाही असा होतो, हे आबांनाही माहीत होतं, मलाही. आईने मान हलवली. "उतरना," ती म्हणाली, अगदी खानदेशी म्हणतात तशी. त्या वेळी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आबांनी दोन टाळ्या वाजवल्या. "गाडी निंघनी," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. अक्का पाट उचलून उठली. जाताजाता आईला म्हणाली, "बिबडा सकाय परत उनमा घालजो. जाडा व्हयेल शेतस." आई म्हणाली, "माहितीय मला." रात्री आम्ही नेहमीच्या वेळेला झोपलो.

पुढे आबांनी ते पुस्तक वाचनालयात नेऊन दिलं आणि दुसरं आणलं. ते खरोखर जसंच्या तसं वाचलं आणि फारच कंटाळवाणं निघालं. अक्काने तिसऱ्या दिवशी पाट आणला नाही. किल्ल्यावर आम्ही तिघं त्याच उन्हाळ्यात गेलो. वर वारा होता, पाणी नव्हतं, आणि आई सगळा वेळ माझी वेणी सुटली म्हणून बोलत होती. आबा म्हातारे होऊन मरण पावले. 'मिलिंदसुजू' ही हाक त्यांच्या तोंडी परत आली ती शेवटपर्यंत राहिली. घरी नुसती मीच असले तरी ते तशीच मारायचे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्रीनंतरच्या सकाळी आबा ड्यूटीवर गेले आणि जाताना पुस्तक मुद्दाम फळीवर ठेवून गेले. आईने मला शाळेत पाठवलं नाही, बिबडे पुन्हा बाजेवर पसरले. राखायला कुणीतरी हवं होतं, कारण अक्काची बकरी. मिलिंद असताना ते काम त्याचं होतं. मी दाराआडची त्याची काठी घेतली, फळीवरचं पुस्तक घेतलं आणि बाजेच्या सावलीच्या बाजूला जाऊन बसले. पहिलं पान काढलं. भाऊ मेलेला होता. मी पुढे वाचत गेले, बोट ठेवून, आजी, मास्तर, गुरव, नावाडी, सगळ्यांना ती विचारते आणि कुणालाच सांगता येत नाही तिथपर्यंत, आणि 'सापडना' आला तेव्हा आईच्या बोलीत वाचला. दुपार व्हायच्या आत पुस्तक संपलं. शेवटी ती मुलगी त्याच नदीत पोहायला शिकते, एवढंच होतं. तेवढ्या वेळात बकरीने दोन बिबडे खाल्ले. आई आतून ओरडली, "लक्ष कुठाय गं?" मी काठी उचलली आणि उठले.